एका तारेपासून युकुलेलेपर्यंत: मराठवाड्यातल्या नवशिक्या वादकांसाठी

तार छेडून वाजवायचं एखादं वाद्य शिकायचंय, पण घरात कुणी वाजवणारं नाही, गावात क्लास नाही आणि मोबाइलवर बघावं तर जो तो गिटारचे कॉर्ड (एकदम छेडायचे तीन-चार सूर) शिकवतोय. अशा माणसासाठी हे लिहितोय. तुम्ही परभणीत असा, उदगीरला असा की पाटोद्याला, प्रश्न सारखेच पडतात. वाद्य कुठलं घ्यावं, कसं पारखावं, स्वरात कसं लावावं, पहिली चाल कुठली काढावी आणि एप्रिल-मेच्या उन्हात ते टिकवावं कसं.

एक मत आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आपलं लोकसंगीत कॉर्डवर चालत नाही, षड्जावर, म्हणजे 'सा'वर चालतं. गोंधळ घ्या, आराध्यांची गाणी घ्या, भारूड घ्या. मागे एक सूर अखंड वाजत असतो आणि गाणारा त्याच्या आधाराने वर-खाली फिरतो. जगातल्या पुष्कळ लोकसंगीताची रीत हीच आहे. म्हणून कॉर्डचा तक्ता पाठ करण्याआधी एक तार नीट लावायला आणि तिच्याशी जुळवून गायला शिका. गिटार आणून थेट कॉर्डला भिडलेल्या बऱ्याच जणांची गिटार आज कपाटावर धूळ खात पडलेली आहे.

१. आपली पट्टी काढून घ्या

वाद्य घेण्याआधीचं काम, आणि फुकटात होणारं. गावातल्या कुठल्याही भजनी मंडळात पेटी असतेच. पेटीवाल्या काकांना म्हणा, "काका, माझी पट्टी काढून द्या." ते एक सूर धरतील. तो षड्ज मानून खाली मंद्र (खालच्या सप्तकातल्या) पंचमापर्यंत, म्हणजे 'प'पर्यंत, आणि वर तार (वरच्या सप्तकातल्या) मध्यमापर्यंत, म्हणजे 'म'पर्यंत गाऊन बघा. खाली आवाज विरला नाही आणि वर मान ताणावी लागली नाही, की ती तुमची पट्टी. पुरुषांची साधारण काळी एक ते काळी दोनच्या आसपास येते, बायकांची काळी चार-पाचच्या आसपास. अपवाद भरपूर असतात.

आता पेटीची भाषा आणि गिटारवाल्यांची भाषा जुळवून ठेवा. पांढरी एक म्हणजे सी, काळी एक म्हणजे सी शार्प, पांढरी दोन म्हणजे डी, काळी दोन डी शार्प, पांढरी पाच जी आणि काळी चार जी शार्प. एवढं वहीत लिहून ठेवलंत तरी निम्मा गोंधळ संपतो. दुकानदार किंवा व्हिडिओतला माणूस "ट्यून टू सी" म्हणाला की आपण समजायचं, पांढरी एक.

२. पहिलं वाद्य एका तारेचं

पुष्कळांना इथे कमीपणा वाटतो. तुणतुणं काय वाजवायचं, त्यात आहे काय? वाटू देऊ नका. देवगिरीच्या यादवांकडे, सिंघण राजाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने १३व्या शतकात 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात वाद्यांवर एक सबंध अध्याय आहे आणि एकतंत्री वीणेला त्यात मानाची जागा आहे. आपल्या दौलताबादच्या किल्ल्याखाली बसून एका तारेचा एवढा विचार झाला आहे, तर आपण थोडे दिवस द्यायला हरकत नाही.

तुणतुण्याची रचना बघून घ्या, कारण पुढे जगातली अर्धी वाद्यं याच तत्त्वावर भेटतील. लाकडाचा पोकळ नळा, त्याच्या बुडाला कातडं. कातड्याच्या मध्यातून निघालेली पोलादी तार नळ्यातून वर येते आणि बाजूला ठोकलेल्या दांडीच्या खुंटीला गुंडाळली जाते. डाव्या हाताने दांडी धरायची, उजव्या हातातल्या लाकडाच्या छोट्या तुकड्याने तार छेडायची. पडदे (दांडीवर बसवलेल्या आडव्या कड्या) नाहीत, बोटं दाबायची नाहीत. म्हणून लक्ष दोनच गोष्टींवर राहतं: सूर आणि लय. गोंधळात संबळ नि झांजेबरोबर हे वाद्य सूरही धरतं आणि ठोकाही देतं. नवख्याला दोन्ही एकाच वेळी सांभाळायची सवय लागते, ती गिटारवर सहा महिने घासूनही लागत नाही.

लावायचं असं. मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप लावा, आपली पट्टी निवडा. तार आधी मुद्दाम सैल करा आणि मग खालून वर चढवत सुराला आणा. वरून खाली उतरवलेली तार दोन मिनिटांत आणखी उतरते, कारण खुंटीतला सैलपणा तसाच राहिलेला असतो. ही सवय पुढे प्रत्येक वाद्यावर उपयोगी पडते. खुंटी घसरत असेल तर ती काढून तिला शाळेतला खडू घासा. अडकत असेल तर कोरडा साबण.

तार तुटली आणि जवळपास तुणतुण्याची तार मिळेना, तर गिटारची सर्वांत बारीक पोलादी तार चालते. तिच्या टोकाला पितळेची गोळी असते ती कातड्याच्या बाहेरच्या अंगाला येते. पण गोळीखाली चामड्याचं किंवा प्लास्टिकचं छोटं बटण घाला. नुसती गोळी ठेवलीत तर तार चढवताना ती कातड्यातून आरपार निघते.

एकतारी घ्यायची असेल तर यात्रेत जपून. तुळजापूर, माहूर, माळेगाव अशा ठिकाणी रंगवलेल्या, गोंडे लावलेल्या एकताऱ्या दिसतात, त्यातल्या बऱ्याचशा शोभेच्या असतात. भोपळा हलका आणि कोरडा आहे का, त्याला बारीक चीर नाही ना, खुंटी जागेवर धरते का, हे बघा. तार छेडा आणि मनातल्या मनात पाच मोजा. पाचपर्यंत नाद टिकला तर घ्या, टिचकी मारल्यासारखा थांबला तर पुढच्या दुकानात जा.

वारकऱ्यांच्या वीणेवर सुरुवात करू नका. सप्ताहात ती वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, खाली ठेवत नाहीत. ती शिकायची जागा नव्हे. वीणेकऱ्यांच्या शेजारी उभं राहून ऐकायला मात्र कुणाची ना नसते.

३. दुसरं वाद्य: काय घ्यावं, काय घेऊ नये

एका तारेवर सूर स्थिर झाला की पडद्यांचं वाद्य घ्या. नवख्याने चारांतलं एक निवडावं.

*युकुलेले.* माझी पहिली शिफारस. चार नायलॉनच्या तारा, बोटं कापत नाहीत, एसटीच्या रॅकवर मावतं आणि दोन-तीन हजारांत शिकण्यापुरतं बरं मिळतं. १८७९ मध्ये मदेरा बेटावरून हवाईला गेलेल्या पोर्तुगीज मजुरांबरोबर तिथली छोटी गिटार गेली, तिच्यापासून हे झालं. आकारात सोप्रानो, कॉन्सर्ट, टेनर असे प्रकार येतात. तारेची लांबी अनुक्रमे १३, १५ आणि १७ इंचांच्या आसपास असते. मोठ्या माणसाने कॉन्सर्ट घ्यावं. सोप्रानोवर शेतात काम करणाऱ्या हाताची दोन बोटं एका पडद्यात मावत नाहीत.

*मॅन्डोलिन.* तारांच्या चार जोड्या, जी-डी-ए-ई. प्रत्येक जोडीच्या वरची जोडी तिचा पंचम असतो, म्हणजे षड्ज-पंचम हाताशी तयार. पोलादी तारा जोडीने असल्याने सुरुवातीला बोटं चांगलीच दुखतात. पण आवाज खणखणीत, संबळापुढेही ऐकू येतो.

*गिटार.* असेल तर वाजवा, नसेल तर पहिली म्हणून घेऊ नका. घरात असलेली गिटार लोकसंगीताला वळवायची एक युक्ती आहे. जाडी सहावी तार ई वरून डी, दुसरी बी वरून ए आणि पहिली ई वरून डी करा. झालं डी-ए-डी-जी-ए-डी. आपल्या भाषेत पांढरी दोनमध्ये सा-प-सा-म-प-सा. इंग्लंडचा डेव्ही ग्रॅहम मोरोक्कोतलं ऊद ऐकून १९६०च्या दशकात या जुळणीकडे वळला आणि मग ती ब्रिटन-आयर्लंडच्या लोकगीतांत पसरली. पहिल्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावला की काळी दोन.

*बेंजो.* इथे पैसे फसतात. आपल्याकडे बेंजो म्हटलं की वरातीत, गणपतीत वाजतो तो: टाइपरायटरसारखी बटणं दाबायची आणि नखीने तारा छेडायच्या. दुकानात त्याचं नाव बुलबुल तरंग. त्याचं मूळ जपानच्या ताइशोगोतोत आहे, ते १९१२ मध्ये नागोयात निघालं. अमेरिकेचा बॅन्जो हे संपूर्ण वेगळं वाद्य: गोल घुमट, कातडं, लांब मान. ऑनलाइन मागवताना फोटो बघा, तारा मोजा, नुसत्या नावावर जाऊ नका. मात्र आपल्या बेंजोला हसूही नका. ज्याला पेटी येते त्याच्यासाठी तारेवर यायची ती सर्वांत सोपी पायरी आहे.

अमेरिकी बॅन्जोबद्दल थोडं, कारण तुणतुणं धरलेल्या माणसाला तो लगेच उमजतो. गुलाम करून नेलेल्या पश्चिम आफ्रिकी लोकांनी भोपळ्यावर कातडं ताणून जी वाद्यं अमेरिकेत आणि कॅरिबियन बेटांवर बनवली, त्यांतून तो आला. पाच तारांच्या बॅन्जोची पाचवी तार आखूड असते, तिची खुंटी मानेच्या मध्यावर. अंगठ्याने ती एकाच सुरावर सतत वाजवत राहायची. म्हणजे आपल्या तुणतुण्याचंच काम, फक्त चाल वाजवणाऱ्याच्या हातात दिलेलं.

सतार किंवा तानपुरा घ्यायचा असेल तर मिरज. तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. लातूरहून कुर्डुवाडी-पंढरपूर मार्गे रेल्वेनेच जाता येतं. पण सतार हे गुरूशिवाय हात न लावायचं वाद्य, या लेखाचा विषय नाही.

तुर्की साज, अरबी ऊद, अँडीज पर्वतातलं चारांगो ही तंतुवाद्यं सगळी पुढची. आधी एका वाद्यावर हात बसू द्या. वाद्यं जमवणारे आणि वाद्यं वाजवणारे यांत फरक पडत जातो.

४. दुकानात पारखून घ्या

मान डोळ्यासमोर धरून बंदुकीच्या नळीतून पाहावं तसं टोकापासून बघा. वाकडी असेल तर ठेवून द्या, कितीही सूट मिळो. मग प्रत्येक तार मोकळी छेडा आणि तीच तार बाराव्या पडद्यावर दाबून छेडा. बारा पडदे म्हणजे पेटीच्या काळ्या-पांढऱ्या मिळून बारा पट्ट्या, म्हणजे एक सप्तक. दोन्ही सूर तोच स्वर, फक्त एक सप्तक वर, असे लागले पाहिजेत. बेसूर वाटले तर ते वाद्य जन्मात सुरात वाजणार नाही, खुंट्या किती का पिळा. शेवटी एकेका पडद्यावर बोट सरकवत जा. कुठे "झर्र" वाजतं का ते ऐका.

दुकानदार घाईत असेल तर संध्याकाळी या, पण हे तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. ऑनलाइन मागवलं असेल तर खोका उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा, बाराव्या पडद्याची परीक्षा त्याच दिवशी करा आणि परत करायची मुदत डोक्यात ठेवा.

जवळ असावं असं:

- वाद्याची पावती, असल्यास वॉरंटी कार्ड
- ट्यूनर ॲप आणि तानपुऱ्याचं ॲप
- जास्तीचा तारांचा एक संच
- कॅपो (युकुलेलेचा छोटा मिळतो)
- दोन-तीन नख्या, पातळ आणि जाड
- सुती फडकं, खडू, छोटा पक्कड
- अस्तर असलेली पिशवी. नुसती कापडी नको

ट्यूनर ॲपचा एक सापळा. त्यात "गिटार" ठेवून युकुलेले लावायला गेलात तर ते भलतीकडेच नेतं आणि तार तुटते. "क्रोमॅटिक" निवडा. मग ते ऐकू येईल तो सूर सांगतं आणि तुमच्या पट्टीलाही चालतं.

५. युकुलेले लावा आणि पहिली चाल काढा

वाद्य मांडीवर घेतलं की वरून खाली तारा येतात: जी, सी, ई, ए. गंमत अशी की सर्वांत वरची जी जाड, खालच्या सुराची नसते. ती सी आणि ई या दोन्हींपेक्षा उंच असते. गिटारवाले इथे बुचकळ्यात पडतात. आपल्याला मात्र ही सोयच, कारण पांढरी एक षड्ज धरला तर ती उंच जी म्हणजे पंचम, अंगठ्याखाली कायम मोकळी वाजायला तयार.

नव्या नायलॉनच्या तारा पहिले काही दिवस उतरत राहतात. वाद्य खराब निघालं असं समजून परत करायला धावू नका. रोज दहा वेळा लावा, आठवड्याभरात बसतात.

सी तार मोकळी म्हणजे षड्ज. आता स्वर असे सापडतात:

- सा: सी तार मोकळी
- रे: सी तार, दुसरा पडदा
- ग: ई तार मोकळी
- म: ई तार, पहिला पडदा
- प: ई तार, तिसरा पडदा (किंवा वरची जी मोकळी)
- ध: ए तार मोकळी
- नी: ए तार, दुसरा पडदा
- वरचा सा: ए तार, तिसरा पडदा

कोमल रे सी तारेच्या पहिल्या पडद्यावर, कोमल ग तिच्याच तिसऱ्यावर. तीव्र म ई तारेच्या दुसऱ्यावर, कोमल ध चौथ्यावर. कोमल नी ए तारेच्या पहिल्यावर. हे पाठ करायची गरज नाही. पेटी येणाऱ्याला एकदा कळलं की एक पडदा म्हणजे पुढची पट्टी, मग काळी असो की पांढरी, की बोटं आपोआप शोधतात.

पहिली चाल भूप रागाच्या पाच स्वरांत काढा. म आणि नी नाहीत, त्यामुळे चुकायला जागा कमी. ही माझ्या सरावाची ओळ, केरव्याच्या आठ मात्रांची दोन आवर्तनं:

सा रे ग ग | रे ग रे सा
ग प ध प | ग रे सा –

आधी गा, मग वाजवा, मग दोन्ही एकदम करा. गाताना अडलात तर वाजवणं थांबवा, गाणं थांबवू नका. सहज येऊ लागली की अंगठा घाला: विषम मात्रांवर, म्हणजे एक, तीन, पाच, सातला, अंगठ्याने वरची जी तार छेडायची आणि चाल तर्जनीने. पहिले दोन-तीन दिवस अंगठा चालीच्या मागे धावतो. लय निम्म्यावर आणा. त्यातही जमेना तर चाल सोडून नुसता अंगठा चालू ठेवा आणि ओळ तोंडाने म्हणा. अंगठा एकदा बेफिकीर झाला की पुढची वर्षभराची कामं सोपी होतात.

गाण्याला नुसती साथ करायची असेल तर बोटांची एकच ठेवण पुरे. वरच्या दोन तारा मोकळ्या, खालच्या दोन्ही तिसऱ्या पडद्यावर. ०-०-३-३. त्यात निघतं प-सा-प-सा. गंधार, म्हणजे ग, नाही, म्हणून कोमल गंधाराच्या चालीलाही चालतं नि शुद्धच्याही. भारुडाला मेजर-मायनर कॉर्ड लावून ते सिनेमातल्यासारखं करण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

तुमची पट्टी पांढरी एक नसेल तर: काळी एकला पहिल्या पडद्यावर कॅपो, काळी दोनला तिसऱ्यावर. पांढरी पाचात गाणाऱ्या बाईंनी कॅपोच्या नादी न लागता ई तारेचा तिसरा पडदा षड्ज मानावा. वरची मोकळी जी मग पंचमाऐवजी षड्जच देते. काळी चार असेल तर त्यावर कॅपो पहिल्या पडद्यावर चढवायचा, बाकी सगळं तेच.

६. आपल्या दारातून जगाच्या चालींकडे

आपल्याला येतं तिथूनच पुढे जायचं. भूपाचे हेच पाच स्वर चीनच्या लोकगीतांत भेटतात, स्कॉटलंडच्याही. भैरव रागाचे स्वर, म्हणजे कोमल रे आणि कोमल ध, बाकी शुद्ध, वाजवून बघा: अरबी संगीतातल्या हिजाझकारची स्वरपंगत हीच. युकुलेलेवर ती सी मोकळी, सी पहिला, ई मोकळी, ई पहिला, ई तिसरा, ई चौथा, ए दुसरा, ए तिसरा अशी येते. स्वर तेच असले तरी चलन वेगळं असतं. कुठल्या स्वरावर थांबायचं, कुठला हलवायचा, हे ऐकूनच येतं. कागदावरून वाजवाल तर अरबी चालही आपल्या सकाळच्या भजनासारखी होते.

ताल तर आणखी जवळचे. आयर्लंडचा जिग सहा मात्रांचा, तीन-तीन. दादरा येत असेल तर नखी अशी चालवा: खाली-वर-खाली, खाली-वर-खाली. ग्रीसच्या कालामातियानोस नाचाची सात मात्रांची विभागणी तीन-दोन-दोन, म्हणजे हुबेहूब रूपक. फक्त आपल्या रूपकात पहिली मात्रा खालीची, हलकी. त्यांची पहिली वजनदार. तबलजीला सोबत घेऊन बसलात तर हा फरक आधी सांगा, नाहीतर दोघं वेगवेगळ्या गावाला जाता. तुर्कस्तानात नऊ मात्रा दोन-दोन-दोन-तीन अशा जातात. टाळ्या वाजवून, तोंडाने बोलून आधी अंगात भिनवा.

एक मर्यादा कळून असावी. तुर्की-अरबी संगीतात काही स्वर आपल्या कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कुठेतरी असतात. साजाचे पडदे दोऱ्याने बांधलेले, सरकवता येतात. उदाला पडदेच नाहीत. युकुलेले-गिटारचे पडदे ठोकलेले, तिथे ते स्वर नाहीत. पोलादी तार ओढून थोडी मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) काढता येते, नायलॉनवर फारशी नाही. अशा चाली सध्या बाजूला ठेवा किंवा गाऊन बघा. गळ्याला पडदे नसतात.

शिकताना एका देशाची एकच चाल धरा आणि तीच तीन-चार वेगवेगळ्या वादकांकडून ऐका. व्हिडिओची गती ०.५ वर करता येते, ते बटण कामाचं आहे. टॅब लिहिलेले तक्ते मिळतात, त्यांत पडद्यांचे आकडे असतात. अडलं तेवढ्यापुरते बघा.

७. माणसांत बसा

एकट्याने खोलीत बसून लय पक्की होत नाही. एकादशीचं भजन, नवरात्रातली आराध्यांची बैठक, सप्ताह, मराठवाड्यात बसायला जागांची वाण नाही. पहिल्यांदा जाताना वाद्य पिशवीतच ठेवा. बुवांना नमस्कार करा, "महाराज, मागे बसून सूर धरू का?" असं विचारा. हो म्हणाले तर टाळकऱ्यांच्या मागे बसून फक्त षड्ज-पंचम. चाल वाजवायला कुणी सांगितल्याशिवाय जाऊ नका. पट्टी बुवांची असते, आपली नव्हे. म्हणून कॅपो खिशात.

गोंधळी घराण्यांत तुणतुणं हा पिढ्यांचा पोटापाण्याचा धंदा आहे आणि गोंधळ हा विधी आहे. "मला दोन बोल शिकवा" म्हणून विधीच्या मध्ये उभं राहू नका. दुसऱ्या दिवशी घरी जा, चहा घ्या, मामा-नाना म्हणून बसा. म्हातारी माणसं बहुतेक वेळा एकच सांगतात: "आदी सूर धर, मंग हात चालव." शिकवलं तर बिदागी द्या, ते नको म्हणाले तरी द्या. रेकॉर्ड करायचं असेल तर आधी विचारा आणि ते कुठे टाकणार तेही सांगा. देवीच्या काही गाण्यांचं चित्रीकरण त्यांना नको असतं.

८. ऊन, पाऊस आणि एसटी

मराठवाड्यात वाद्य मोडतं ते वाजवून नाही, उन्हाने. मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेल्या युकुलेलेची घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी) डिंक वितळून उपटून निघते. पत्र्याच्या खोलीत भिंतीला टांगलेल्या वाद्याची वरची फळी तडकते. खाटेखाली, पिशवीत, जमिनीलगत ठेवा. तिथे गारवा असतो. कडक उन्हाळ्यात साबणाच्या प्लास्टिक डबीला भोकं पाडून तिच्यात ओला करून घट्ट पिळलेला स्पंज घाला आणि डबी पिशवीत ठेवा. स्पंज टपकता कामा नये.

पावसाळ्यात उलटं. तुणतुण्याचं कातडं सैल पडतं, सूर उतरतो, तार चढवत नेलीत तर ती तुटते. चुलीपासून हातभर लांब धरून कातडं शेकवा, बोटाने टिचकी मारत राहा. आवाज ताठ आला की थांबा. पोलादी तारा वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसल्या नाहीत तर श्रावण संपेपर्यंत गंजतात.

एसटीत वाद्य मागच्या सीटवर किंवा डिकीत टाकू नका. मागचे धक्के गिटारची मानही मोडतात. मांडीवर घ्या किंवा पुढच्या रॅकवर, मान वर करून नाही, आडवी. लांबचा प्रवास असेल तर पोलादी तारा दोन-तीन पिळे सैल करा, नायलॉनला गरज नाही.

आणि तारांचा तो जास्तीचा संच घेतलाच नसेल तर आता घ्या. तुटते ती बहुधा एकच तार, पण तालुक्याच्या गावी सुटी तार मिळत नाही, आणि पूर्ण संच मिळतो तोही जिल्ह्याला गेल्यावर.